प्रतिनिधी कोणाचा? औंधच्या पंतांची गोष्ट

पुण्यात कोणाला 'औंधचा राजा' म्हटलं की समोरच्याला आधी विद्यापीठ चौकातली वाहनांची रांग आठवते. ते औंध वेगळं. हे औंध सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात, यमाईच्या डोंगराच्या पायथ्याशी आहे. आजूबाजूला माळरान, ज्वारी आणि पावसाची वाट बघणारी माणसं. इथे १९४८ पर्यंत एक संस्थान होतं. क्षेत्रफळ ५०१ चौरस मैल, गावं ७२, लोकसंख्या पाऊण लाखाच्या आसपास. संस्थानिकाचा मान तेव्हा तोफांच्या सलामीवर मोजत. बडोद्याच्या महाराजांना २१ तोफांची सलामी होती, कोल्हापूरच्या छत्रपतींना १९. औंधला एकही नाही.

पण या एवढ्याशा राज्याचा माग काढायला गेलं की हाताला लागणारी यादी चमत्कारिक आहे. सूर्यनमस्कारांचा जगभर झालेला प्रसार, किर्लोस्करांचा कारखाना, प्रभाकर कंदील, महाभारताची चिकित्सक आवृत्ती, भिंती नसलेला तुरुंग, आणि स्वातंत्र्याच्या आठ वर्षं आधी राजाने स्वतःहून प्रजेला दिलेलं राज्य. हे सगळं एकाच घराण्याच्या, त्यातही बरंचसं एकाच माणसाच्या काळातलं.

शाळेत आपण 'संस्थानिक' हा शब्द एकदाच वाचतो, तोही सरदार पटेलांच्या धड्यात. त्यामुळे संस्थान म्हणजे काय, राजाच्या हातात खरोखर किती सत्ता असायची, इंग्रज कुठे बसायचे, हे धूसरच राहतं. औंधच्या निमित्ताने ते नीट उलगडता येतं, कारण या घराण्याचं आडनावच मुळात एक कोडं आहे. 'पंतप्रतिनिधी.' प्रतिनिधी म्हणजे दुसऱ्याच्या जागी उभा राहणारा. मग हे उभे होते कोणाच्या जागी? या प्रश्नाचं उत्तर अडीचशे वर्षांत तीनदा बदललं.

छत्रपतींच्या जागी

शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधान मंडळात 'प्रतिनिधी' हे पद नव्हतं. ते आलं राजाराम महाराजांच्या काळात. संभाजी महाराजांच्या हत्येनंतर राजाराम जिंजीला, म्हणजे आजच्या तमिळनाडूत अडकून पडले. राजा इतका दूर असताना त्याच्या नावाने निर्णय घेणारं कोणीतरी हवं, म्हणून हे पद निघालं आणि पहिल्यांदा प्रल्हाद निराजींना मिळालं. दर्जा अष्टप्रधानांच्याही वर. पेशव्याला सालाचे १३,००० होन, प्रतिनिधीला १५,०००. पुढे पेशवे एवढे मोठे झाले की आज हा क्रम उलटा वाटतो, पण सुरुवातीला तो असा होता.

औंधच्या घराण्याचा मूळ पुरुष परशुराम त्रिंबक हा किन्हई गावचा कुलकर्णी. हिशेबाची दप्तरं सांभाळणाऱ्या घरातला हा माणूस धामधुमीच्या काळात लढवय्या झाला. १६९२ मध्ये पन्हाळा परत घेण्यात तो पुढे होता. १७०२ मध्ये औरंगजेब स्वतः विशाळगडाला वेढा घालून बसला, तेव्हा त्याने गड महिनोन्‌महिने झुंजवला, आणि पावसाळा तोंडावर आल्यावर बादशहाकडून रोख रक्कम घेऊनच खाली उतरला. त्या काळात मराठे असे बरेच किल्ले 'विकत' होते आणि पुढे पुन्हा जिंकून घेत होते. शत्रूच्याच पैशाने पुढची लढाई. कुलकर्ण्याचा हिशेब इथे उपयोगी पडला असणार.

राजारामानंतर परशुराम त्रिंबक ताराबाईंच्या बाजूने राहिले. १७०७ मध्ये शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आले, खेडला लढाई झाली, धनाजी जाधव ऐन वेळी शाहूंकडे गेले आणि पंत हरले, कैदेत पडले. पण पुढे शाहूंनी त्यांनाच प्रतिनिधिपद दिलं. गंमत म्हणजे त्यांचा एक मुलगा कोल्हापूरच्या गादीचा प्रतिनिधी झाला. मराठ्यांच्या गाद्या दोन, आणि दोन्हीकडे प्रतिनिधी एकाच घरातले.

दुसरा मुलगा श्रीपतराव साताऱ्याला. शाहूंच्या दरबारात पहिल्या बाजीरावाला सतत विरोध करणारा तो हाच. बाजीराव म्हणत, उत्तरेत चला. श्रीपतराव म्हणत, आधी घर सावरा, कोकण आणि कर्नाटकातली कामं पुरी करा. इतिहासाने कौल बाजीरावाला दिला, म्हणून श्रीपतराव आपल्या गोष्टींमधून कायम रडतोंडे मंत्री म्हणून भेटतात. मला ते तितके चुकीचे वाटत नाहीत. तिजोरी रिकामी असताना 'जरा थांबा' म्हणणारा माणूस प्रत्येक घरात लागतो, फक्त त्याचे पोवाडे होत नाहीत.

मधल्या पिढ्या सोडून देतो, पण थोटेपंत सोडता येत नाहीत. परशुराम श्रीनिवास हे त्यांचं नाव. ऐन तारुण्यात घरच्याच लोकांनी आणि कारभाऱ्यांनी त्यांना नजरकैदेत टाकलं. त्यांना सोडवलं ते ताई तेलिणीने. ती त्यांची लग्नाची बायको नव्हती. जात तेल्याची, आणि हिंमत अशी की तिने माणसं जमवून पंतांना बाहेर काढलं. दुसऱ्या बाजीरावाने बंड मोडायला बापू गोखल्यांना पाठवलं. लढाईत पंतांचा हात गेला, तेव्हापासून ते 'थोटेपंत'. पंत पकडले गेले, पण ताईने वासोट्याचा किल्ला गाठला आणि पुढे कित्येक महिने पेशव्यांच्या सेनापतीला दाद दिली नाही. 'तेलीण मारी सोटा, बापू गोखल्या सांभाळ कासोटा' ही ओळ तेव्हाची. किल्ल्यावरच्या धान्याच्या कोठाराला आग लागली तेव्हाच तो पडला. वासोट्याला ट्रेकला जाणारी मुलं आजही ही ओळ म्हणतात, पण ती कोणत्या संस्थानाच्या इतिहासातली हे फार कमी जणांना ठाऊक असतं.

गादीच नाही, मग प्रतिनिधी कशाचा?

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. इंग्रजांनी सगळं लगेच गिळलं नाही. साताऱ्याला छत्रपतींची गादी ठेवली आणि तिच्याखालच्या जहागीरदारांशी वेगळे करार केले. औंधचे प्रतिनिधी, भोरचे पंतसचिव, फलटणचे निंबाळकर, जतचे डफळे, अक्कलकोटकर, हे सगळे त्यातले. करारात लिहिलं होतं की हे साताऱ्याचे सरदार, पण त्यांच्या जहागिरीची हमी इंग्रजांची. म्हणजे धनी एक, जामीन दुसरा.

१८४८ मध्ये साताऱ्याचे शहाजीराजे वारले. त्यांनी घेतलेला दत्तक डलहौसीने नामंजूर केला आणि सातारा खालसा झालं. गंमत बघा. ज्या गादीचे हे प्रतिनिधी, ती गादीच गेली आणि प्रतिनिधी मात्र जागेवर राहिले. जामीनच धनी झाला. औंध, फलटण, भोर ही 'संस्थानं' झाली ती अशी. कोणी राज्य स्थापन केलं नाही. वरचा मजला पडला आणि खालच्या खोल्यांना घर म्हणायला लागले, इतकंच.

आता संस्थानिकाच्या हातात नेमकं काय असायचं? हिंदुस्थानात अशी साडेपाचशेच्या वर संस्थानं होती. हैदराबादसारखी देशाएवढी आणि काही आपल्या तालुक्याहूनही लहान. सगळ्यांना सारखे नियम नव्हते, पण ढोबळ चौकट एक होती. परराष्ट्र संबंध, लढाई, रेल्वे, तार-टपाल हे इंग्रजांकडे. सारावसुली, शाळा, रस्ते, दवाखाने, बरीचशी न्यायदानाची कामं राजाकडे. लहान संस्थानांना फाशीच्या शिक्षेसारख्या गोष्टींत वरची मंजुरी लागे. आणि राजावर नजर ठेवायला पोलिटिकल एजंट. औंधच्या बाबतीत बराच काळ साताऱ्याचा कलेक्टरच हे काम बघायचा. घर तुमचं, पण दरवाज्याची दुसरी किल्ली शेजारच्या साहेबाकडे. तो रोज येणार नाही, पण मनात आलं की येऊ शकतो, हे दोघांनाही माहीत.

किल्ली वापरली जायची का? औंधला वापरली गेली. अण्णासाहेब नावाचे पंत १८४८ ते १९०१ अशी त्रेपन्न वर्षं गादीवर होते. त्यांच्यामागे थोरला मुलगा दादासाहेब चारच वर्षं जगला. मग नातू गोपाळकृष्णराव गादीवर आला, आणि १९०९ मध्ये इंग्रजांनी त्याला खाली उतरवलं. त्याच्या जागी बसवलं त्याच्या काकाला. काका तेव्हा ४१ वर्षांचे होते, दरबारातल्या खुर्चीची फारशी आशा न धरता चित्रं काढत, कीर्तनं करत आयुष्य काढायला तयार झालेले. त्यांचं नाव भवानराव, सगळे म्हणत बाळासाहेब. म्हणजे औंधचा जो राजा आज आपल्याला आठवतो, तो इंग्रजांच्या एका हुकमामुळे गादीवर आला. लोकांना राज्य देऊन टाकणाऱ्या माणसाचा प्रवेश असा झाला, हे विसरू नये.

बाळासाहेब

जन्म १८६८ चा. शिक्षण साताऱ्याला, मग पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. बी. ए. झालेले. स्वतः कीर्तनाला उभे राहायचे. स्वतः ब्रश हातात घेऊन रामायणातले प्रसंग रंगवायचे, आणि १९१६ मध्ये त्या चित्रांचं पुस्तकही काढलं. १९३५ मध्ये इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष.

त्यांचं सर्वांत मोठं वेड होतं सूर्यनमस्कार. एक गैरसमज आधी काढून टाकू. सूर्यनमस्कार बाळासाहेबांनी शोधले नाहीत. तालमींमधून, घराघरांतून ते आधीपासून होतेच. त्यांनी काय केलं, तर तालमीतल्या पैलवानाचा हा व्यायाम पोराबाळांचा, बायकांचा, कारकुनांचा केला. नमस्काराच्या दहा स्थिती ठरवल्या, श्वास आणि मंत्र यांची सांगड घातली, चित्रं-फोटो देऊन पुस्तकं लिहिली आणि संस्थानातल्या शाळांमध्ये ते सुरू केले. १९३८ मध्ये लंडनहून त्यांचं इंग्रजी पुस्तकही निघालं. आज परदेशातल्या योगाच्या वर्गात लोक सूर्याला नमस्कार घालतात. त्या साखळीतली एक जुनी कडी यमाईच्या डोंगराखाली आहे.

आता यात राजेपणही होतंच. उद्या तुमच्या मुख्यमंत्र्याने ठरवलं की राज्यातल्या प्रत्येक मुलाने रोज पहाटे उठून अमुक व्यायाम करायचाच, तर तुम्ही काय म्हणाल? औंधच्या पोरांना विचारायची सोय नव्हती. राजा चांगला असला तरी त्याची हौस हाच कायदा, ही या व्यवस्थेतली मूळ अडचण. बाळासाहेबांची हौस व्यायामाची होती म्हणून आपण कौतुक करतो. शेजारच्या संस्थानातली हौस मोटारींची किंवा शिकारीची असायची, तिचं बिलही प्रजाच भरायची.

पण याच व्यवस्थेचा दुसरा पैलू किर्लोस्करवाडीत दिसतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावात लोखंडी नांगर आणि कडबा कापायची यंत्रं करायचे. नगरपालिकेला त्यांच्या कारखान्याची जागा हवी झाली आणि त्यांना उठावं लागलं. लक्ष्मणराव औंधला एका बांधकामाच्या निमित्ताने येत-जात होते, बाळासाहेबांशी ओळख झाली होती. बाळासाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळची जमीन देऊ केली आणि भांडवलालाही मदत केली. जमीन म्हणजे निवडुंगाचं रान, साप-विंचवांचं घर. १० मार्च १९१० हा किर्लोस्करवाडीचा स्थापना दिवस. बाळासाहेब गादीवर येऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. पुढे इथूनच 'किर्लोस्कर' आणि 'स्त्री' ही मासिकं निघाली, म्हणजे नांगराबरोबर मराठी मध्यमवर्गाची मतंही इथे घडत होती.

ओगले बंधूंचा काच कारखानाही संस्थानाच्याच हद्दीत, कऱ्हाडजवळ. त्यांचा प्रभाकर कंदील महाराष्ट्रात वीज येईपर्यंत घरोघरी होता. आमच्या माळ्यावर एक अजून आहे. काचेला चीर गेलीय, वात वर-खाली करायचं चाक गंजलंय, पण हाताची पकड इतकी नीट बसते की टाकवत नाही.

उद्योग इथेच का आले? एक कारण साधं आहे. ब्रिटिश मुलखात जागेच्या कागदाला सतरा टेबलं होती, औंधला एक. राजाला पटलं की काम झालं. हाच त्याचा धोकाही. राजाला नाही पटलं तर अपील कुठे करणार?

बाळासाहेबांच्या ओंजळीतून पैसा गेला त्या कामांत मला सगळ्यांत भावतं ते महाभारताचं. पुण्याच्या भांडारकर संस्थेपुढे त्यांनी १९१८ मध्ये कल्पना मांडली ती सचित्र महाभारताची, आणि एक लाख रुपये देऊ केले. संस्थानाचं वर्षाचं उत्पन्नच काही लाखांत, त्यात हा आकडा. राजाला हवी होती चित्रं, पंडितांना हवा होता शुद्ध पाठ. १ एप्रिल १९१९ रोजी वृद्ध रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी 'नारायणं नमस्कृत्य' ही ओळ लिहून काम सुरू केलं. देशभरातल्या पोथ्या जमवून, ताडून, एकेक श्लोक तपासत ते १९६६ ला पुरं झालं. चित्रांचा हौशी राजा आणि या आवृत्तीचे संपादक सुकथणकर यांच्यासारखा काटेकोर संशोधक, दोघांचं जमलं हे नवल.

औंधच्या डोंगरावर अर्ध्या वाटेत १९३८ मध्ये उघडलेलं भवानी संग्रहालय आहे. तिथे राजा रविवर्मा आहेत, धुरंधर आहेत, आणि त्यांच्यात हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं दगडातलं 'आई आणि मूल' आहे. आकाराने लहान, नाकीडोळी फारशी स्पष्ट नाही, आईच्या अंगातूनच मूल उगवल्यासारखं. रविवर्म्याच्या रेशमी पदरांपुढून येऊन या दगडापुढे थांबलं की वाटतं, खटाव तालुक्यात हे आणण्याची बुद्धी ज्याला झाली त्याची नजर केवळ परंपरेची नव्हती.

१९३९ : राज्य कसं द्यायचं असतं?

बाळासाहेबांचा मुलगा अप्पा ऑक्सफर्डला शिकून, बॅरिस्टर होऊन १९३७ मध्ये परतला. त्याच सुमारास मॉरिस फ्रिडमन नावाचा एक पोलिश ज्यू इंजिनिअर म्हैसूर संस्थानातली नोकरी सांभाळून भगवी वस्त्रं, चरखा आणि गांधीविचार यांत बुडाला होता. अप्पांनी त्याला औंधला आणलं. राजाने सगळी सत्ता प्रजेला देऊन टाकावी, ही कल्पना त्याच्या बोलण्यातून निघाली असं अप्पासाहेब पुढे सांगत.

तो काळ आठवा. १९३८ मध्ये संस्थानांमध्ये प्रजेच्या चळवळी पेटत होत्या. राजकोटला सत्याग्रह चालू होता. बाकीचे राजे 'जबाबदार राज्यपद्धती' हा शब्द ऐकला की पोलीस बोलवत होते. अशा वेळी सत्तरी गाठलेल्या बाळासाहेबांनी वाढदिवसाच्या निमित्ताने जाहीर केलं की राज्य लोकांच्या हाती द्यायचं. अप्पा आणि फ्रिडमन वर्ध्याला गांधीजींकडे गेले. गांधीजींनी मसुद्यात लक्ष घातलं, आणि अप्पांना वर एक अट घातली, की तूही खेड्यातल्या माणसासारखा साधा राहा. २१ जानेवारी १९३९ रोजी औंधची राज्यघटना जाहीर झाली.

ही घटना कशी चालायची ते समजून घ्यायला कागद बाजूला ठेवू. समजा तुम्ही १९४० साली आटपाडीजवळच्या एका गावात राहता. चार एकर कोरडवाहू, दोन बैल. कालपर्यंत तुमच्यासाठी राज्य म्हणजे पाटील, तलाठी आणि लांब कुठेतरी पंत. आता गावाने पाच पंच निवडायचे. त्या पाचांचा एक अध्यक्ष. गावातली छोटी भांडणं, पाणी, शाळा, रस्ता हे पंच बघणार. सरकारी उत्पन्नातला मोठा वाटा गावाकडेच येणार, म्हणजे पंचांच्या हातात नुसता उपदेश नाही, पैसेही. सगळ्या गावांचे अध्यक्ष मिळून तालुक्याची समिती. तालुका समित्या आपल्यातून माणसं निवडून औंधच्या विधिमंडळात पाठवणार, आणि मंत्री त्या मंडळाला जबाबदार.

आपल्या आजच्या पद्धतीशी ताडून बघा. आपण आमदार थेट निवडतो आणि ग्रामपंचायत ही त्या उतरंडीची शेवटची पायरी असते, निधीसाठी वर बघत बसलेली. औंधला उतरंड उलटी रचली होती. तुमचं मत गावापुरतं. पण गावातूनच तालुका आणि तालुक्यातूनच राज्य. ज्याला तुम्ही रोज पाणवठ्यावर बघता त्यालाच मत द्यायचं, त्यामुळे न बघितलेल्या माणसाच्या जाहिरातीवर मत देण्याचा प्रश्न नाही. तोटाही तिथेच. गावात ज्याचं वजन, तोच पंच, आणि तोच पुढे वर जाणार. जातीचं, जमिनीचं, भावकीचं ओझं या शिडीवरून थेट वरच्या मजल्यावर पोचू शकतं. डॉ. आंबेडकरांनी पुढे घटना समितीत खेड्यांबद्दल जी कडक भूमिका घेतली, तिच्यामागची भीती हीच.

आणखी एक मेख होती. मत प्रौढांना होतं, पण लिहिता-वाचता आलं पाहिजे ही अट. गांधीजींचा तर्क असा की अट घातली की माणसं शिकतील, रात्रशाळा भरतील. तर्क प्रामाणिक असेल. पण माणदेशातल्या त्या काळच्या बायका, मेंढपाळ, महारवाड्यातली माणसं डोळ्यांसमोर आणली की लक्षात येतं, सुरुवातीला रांगेबाहेर कोण राहिलं असेल. १९५० च्या आपल्या घटनेने ही अट घातली नाही, हे बरं केलं.

तरीही हे नुसतं कागदावर राहिलं नाही. आटपाडीजवळ 'स्वतंत्रपूर' उभं राहिलं. कैद्यांची वसाहत, पण भिंत नाही. शिक्षा झालेली माणसं, त्यात खून केलेलेही, शेती करायची, बायकामुलांसह राहायची. ही कल्पना फ्रिडमनची. याच मातीतल्या ग. दि. माडगूळकरांनी पुढे यावरून कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' काढला. चित्रपट सगळ्यांना आठवतो. स्वतंत्रपूर मात्र खरोखर आहे, आजही सरकारच्या ताब्यातली खुली वसाहत म्हणून चालू आहे, हे सांगितलं की लोक चकित होतात.

संस्थानाच्या नकाशाबद्दल एक सांगायचं राहिलं, आणि ते इथे महत्त्वाचं आहे. औंध हा सलग मुलूख नव्हताच. गोधडीच्या ठिगळांसारखे तुकडे. औंध एका बाजूला, आटपाडी माणदेशात, कुंडल कृष्णाकाठच्या बाजूला आणि गुणदाळ तर थेट विजापूरकडे, आज कर्नाटकात. मध्ये सगळीकडे ब्रिटिश हद्द. आणि ब्रिटिश पोलिसांना संस्थानी हद्दीत परस्पर शिरता येत नसे.

१९४२ नंतर याचा उपयोग कोणाला झाला असेल? क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारला. साताऱ्यात १९४३ ते ४६ या काळात भूमिगतांनी स्वतःचं सरकार चालवलं, न्यायदान केलं, सावकारांना वठणीवर आणलं. त्याचं केंद्र होतं कुंडल, औंध संस्थानातलं गाव. भूमिगतांना संस्थानी हद्दीत आसरा मिळत गेला आणि औंधच्या दरबाराने सोयीस्करपणे डोळेझाक केली. एकाच तालुक्यात एकाच वेळी राजाने दिलेलं स्वराज्य आणि बंदुकीच्या धाकाने आणलेलं स्वराज्य शेजारी शेजारी नांदत होती. दोन्हीकडे गावातली पंचमंडळीच बसून निकाल देत होती. पुष्कळदा माणसंही तीच असणार.

आठ मार्च

हा प्रयोग नऊ वर्षं चालला, आणि त्यातली बरीचशी युद्धाची, टंचाईची. एवढ्यात काय सिद्ध होणार? औंधचं मॉडेल यशस्वी झालं असतं की कुजलं असतं, हे ठरायच्या आतच ते संपलं. ८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतली संस्थानं मुंबई राज्यात विलीन झाली, त्यात औंधही. त्याच्या जरा आधी, गांधीहत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीची झळ या भागातल्या ब्राह्मण घरांना लागली होती. वेदांचे अभ्यासक पंडित सातवळेकर तीस वर्षं औंधला राहून काम करत होते, त्यांनीही त्याच वर्षी आपला स्वाध्याय मंडळाचा संसार गुजरातेत पारडीला हलवला. राजाने आपण होऊन राज्य दिलेल्या मुलखात हे घडलं. घराण्याच्या चांगुलपणाने समाजातल्या जुन्या दुखण्याला औषध मिळत नाही, एवढं त्यातून दिसतं.

विलीनीकरणानंतर ग्रामपंचायतींचे अधिकार मुंबई राज्याच्या कायद्यापुरते उरले. गावाकडे राहणारा महसूल पुन्हा वरून खाली यायला लागला. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या त्या १९६२ मध्ये, म्हणजे औंधची विधिसभा बंद पडल्यावर चौदा वर्षांनी. बाळासाहेब १९५१ मध्ये वारले.

फ्रिडमन मुंबईला गेला. तिथे खेतवाडीत निसर्गदत्त महाराज नावाचे एक विडीवाले बसायचे, त्यांच्या मराठी बोलण्याचं त्याने इंग्रजी पुस्तक केलं आणि ते जगभर गेलं. पोलंडचा माणूस आणि मराठी ज्ञानाचा दुवा, पण ती वेगळीच गोष्ट आहे.

आणि अप्पा? मूळ दोन तुकड्यांच्या आडनावातला त्यांनी पुढचा अर्धा ठेवला आणि मागचा सोडून दिला. जगाने त्यांना अप्पा पंत म्हणूनच ओळखलं. १९४८ मध्येच नेहरूंनी त्यांना पूर्व आफ्रिकेत नैरोबीला पाठवलं, पुढे सिक्कीम, इंडोनेशिया, लंडन, रोम असं फिरत राहावं लागलं. आडनावातून जे गाळलं, तेच आता त्यांचं काम होतं. प्रतिनिधी, भारत सरकारचा.